पिंपळावरचा मुंजा आणि दलदलीतला राक्षस



'मुंज्या' हा हिंदी चित्रपट मला अजिबात आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. ७ जून २०२४ ला तो आला, शंभर कोटींच्या वर धंदा केला, पोरासोरांनी डोक्यावर घेतला. आमच्या घरातसुद्धा त्यावरून दोन पक्ष पडलेत. पुण्याची भाची म्हणते, "मावशी, अगं करमणूक म्हणून बघ ना!" करमणूक म्हणूनच बघितला, बाई. एकदा सोडून दोनदा बघितला. पहिल्यांदा नातीबरोबर, दुसऱ्यांदा एकटीने. पेपर तपासायचा तर पूर्ण वाचूनच तपासायचा, ही आमची जुनी खोड. दुसऱ्यांदा राग जास्त आला.

भीती वाटली नाही म्हणून रागावले असं समजू नका. पंचाहत्तरीच्या आसपासच्या बाईला पडद्यावरचं भूत काय घाबरवणार? राग याचा आहे की आमच्या पिंपळावरचा मुंजा यांनी उचलून नेला आणि त्याच्या जागी अमेरिकेतल्या दलदलीतला राक्षस आणून बसवला. नाव आपलं, गाव कोकणातलं, तोंडी मराठी, आणि आत मात्र भलताच कोणीतरी. ते कसं, हेच आज सविस्तर लिहिते. लेख लांबेल, चहा घेऊन बसा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. १९५२ चं कोकण. गोट्या नावाचा ब्राह्मणाचा मुलगा, त्याचं त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या मुन्नीवर मन बसलेलं. घरचे त्याला बदडतात, त्याची मुंज लावून टाकतात. तिचं लग्न दुसरीकडे होतं. मुलगा पेटून उठतो, चेटुकवाडीच्या झाडाखाली धाकट्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि त्या झटापटीत स्वतःच मरतो. मुंजीनंतर दहा दिवसांच्या आत मेला म्हणून त्याचा मुंज्या होतो. मग आपण येतो आजच्या पुण्यात. बिट्टू नावाचा भित्रा तरुण, त्याची आई, त्याची आजी. मुंज्या बिट्टूच्या मानगुटीवर बसतो आणि एकच धोशा लावतो: लग्न. मुन्नी म्हातारी झालेली, तेव्हा तिची नात बेला पसंत. पुढचा सगळा चित्रपट बेलाला वाचवण्याची पळापळ.

आता जे चांगलं आहे ते आधी सांगते. सुरुवातीचा १९५२ चा भाग उत्तम आहे. अंधार, पाऊस, ते झाड, ते घर, सगळं जमलंय. त्या मुलाचा हट्ट, त्याचा मार खाणं, त्याचं एकटं पडणं, या गोष्टीत जीव आहे. सुहास जोशींची आजी तर काय सांगावी! त्या बाई नुसत्या बघतात तरी आपल्याला कळतं की या घरात काहीतरी पुरून ठेवलंय. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार पुण्याच्या त्या सरपोतदार घराण्यातले, मूकपटाच्या काळापासून सिनेमात असलेल्या. मराठी माणसाच्या हातून मराठी भूत हिंदीत चाललंय म्हटल्यावर मी खुशीतच बसले होते.

आणि मग तो संगणकावरचा प्राणी पडद्यावर आला. मोठाले डोळे, वाकडे दात, चिखलातून उपसून काढल्यासारखं अंग, माकडासारख्या उड्या. त्या क्षणापासून गोट्या संपला. तो मुलगा पुन्हा दिसलाच नाही. राहिलं ते एक चेकाळलेलं माकड. ते बाईच्या मागे लागतं, आणि आपण हसावं अशी अपेक्षा.

आता मुंजा म्हणजे कोण, ते जरा आठवूया. नव्या पिढीतल्या भाच्यांसाठी लिहिते, जुन्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

मुंज हे एका गवताचं नाव. नदीकाठच्या ओलसर जागी वाढणारं उंच गवत. त्याची मेखला मुलाच्या कमरेला बांधायची, म्हणून त्या संस्काराला आपण मुंज म्हणतो. परंपरेने आठव्या वर्षी मुंज, आणि पुढे शिक्षण संपून लग्नाच्या आधी सोडमुंज. या दोहोंच्या मधल्या काळातला मुलगा म्हणजे मुंजा. हा शब्द मुळात भुताचा नाहीच! जिवंत, शेंडीवाल्या, चड्डी सावरणाऱ्या बटूचा शब्द आहे. मुंजीच्या दिवशी मातृभोजन होतं, आईच्या ताटात मुलाचं शेवटचं जेवण. आजूबाजूला आठ बटू जेवायला बसतात, त्यांनाही मुंजेच म्हणतात. ज्यांनी हा प्रसंग पाहिला आहे त्यांना माहीत असेल, तिथे आईचे डोळे कोरडे राहत नाहीत.

असा मुलगा सोडमुंजीच्या आधी गेला तर तो मुंजाच राहतो. बाळपण संपलेलं, संसार सुरू न झालेला. तो पिंपळावर राहतो. त्रास देतो तो पोरासारखा. खडे मारील, वाट चुकवील, पण जिवावर सहसा उठत नाही. लोकांनी त्याला भुतांमध्ये धरलं, पण पिंपळाला पार बांधून त्याच्या नावाचा दगडही बसवला. खवीस किंवा हडळ यांना कोणी पार बांधला नाही. मुंजाला बांधला, कारण तो घरचा होता.

माझं माहेर हिंगणघाटच्या बाजूला, वणा नदीच्या काठचं एक लहानसं गाव. तिथे वेशीजवळच्या पिंपळाखाली असा शेंदराचा दगड होता. मुंज फक्त काही घरांत व्हायची, पण पार साऱ्या गावाचा. शेतातलं पहिलं कणीस तिथे ठेवायची पद्धत होती. आम्ही पोरं परीक्षेला जाताना एखादी काचेची गोटी, एखादा पेरू ठेवत असू. गोटी कशाला? तर तो मुलगा आहे, त्याला खेळायला हवं ना! हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, मोठ्यांकडे बघून आलं होतं. आजी सांगायची की तो मुलगा पटकीच्या साथीत गेला, तिच्या सासूच्या काळात. म्हणजे शंभराच्या वर वर्षं झाली. त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. आईबाप गेले, भाऊबंद गेले, घर पडलं. तरी गावाने त्याला खेळायला गोटी देणं चालू ठेवलं होतं.

हा आमचा मुंजा. आता मला सांगा, चित्रपटातलं ते ध्यान आणि हा, यांचा काय संबंध?

आणि असे दगड गावोगाव का आहेत, तेही समजून घेतलं पाहिजे. पोरं मरायची, मंडळी. पटकी, देवी, घटसर्प, हगवण, सर्पदंश, विहीर. फार मागे जायला नको. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० साली तो आकडा २८ वर आला. ही तान्ह्या बाळांची गोष्ट. त्यातून वाचून आठ-दहा वर्षांचा झालेला, बोलता-चालता, पाटी-दप्तरवाला मुलगा गेला तर त्या घराचं काय होत असेल? छायाचित्र नव्हतं, मृत्युलेख नव्हता. एक पिंपळ आणि एक दगड, एवढंच त्या आईच्या हाती होतं. मुंजाच्या पाराकडे मी अंधश्रद्धा म्हणून बघत नाही, स्मारक म्हणून बघते.

बरं, मग चित्रपटातला राक्षस आला कुठून? तर दलदलीतून. शब्दशः.

१९५४ साली अमेरिकेत 'क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून' नावाचा चित्रपट आला. जॅक अर्नोल्ड हे दिग्दर्शक, तो काळा चष्मा लावून बघायचा थ्रीडी प्रकार. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या एका काळ्या पाणथळीत अर्धा मासा आणि अर्धा माणूस असा प्राणी राहतो. तिथे शास्त्रज्ञांची बोट जाते. बोटीवर एकच तरुणी, ज्युली अ‍ॅडम्स. ती पांढऱ्या पोशाखात पोहते, खालून तो प्राणी तिच्यासोबत पोहतो, आणि मग अर्थातच तिला उचलून आपल्या गुहेत नेतो. एवढीच गोष्ट. पण ती इतकी चालली की १९५५ आणि १९५६ ला तिचे आणखी दोन भाग निघाले, आणि दलदलीतल्या राक्षसाचा एक साचाच तयार झाला. चिखलातून काहीतरी हिडीस वर येणार, त्याला एक सुंदर बाई दिसणार, ती त्याला हवी असणार, बाकीचे तिला सोडवणार.

नातवाच्या लॅपटॉपवर मी हाही पाहिला आणि १९८२ चा 'स्वॅम्प थिंग'ही पाहिला. तो वेस क्रेव्हनचा. तिथे तर मूळ चित्रकथा फार करुण आहे. १९७१ साली लेन वीन आणि बर्नी राइटसन या दोघांनी ती प्रथम केली. माणूस दलदलीत मरतो आणि झाडपाल्याच्या रूपात उठतो, आपलं माणूसपण गमावलेला. केवढी मोठी कल्पना! आणि चित्रपटात काय, तर शेवटी दोन माणसं रबरी सूट घालून गुडघाभर पाण्यात एकमेकांशी झोंबतात. नातू हसून हसून लोळला. मी म्हटलं, हस बाबा, हसण्यासारखंच आहे. दुःख काढून टाकलं, की राक्षसात रबरच उरतं.

'मुंज्या'चं नेमकं हेच झालंय. रबर जाऊन संगणक आला, एवढाच काय तो फरक. मुलाचं दुःख पहिल्या प्रसंगात दाखवलं आणि बाजूला ठेवलं. मग दलदलीतल्या राक्षसाचा साचा काढला आणि आपल्या पोराला त्यात कोंबलं. राक्षसाला बायको हवी, पळवा नायिकेला, आणा सोडवून. आमच्याकडच्या मुंजाला लग्न हवं असेलही, नाही म्हणत नाही. अर्धवट राहिलेल्याला पुरं व्हायचं असतंच. पण लग्न हवं असणं म्हणजे आयुष्य हवं असणं. एका विशिष्ट बाईचा पिच्छा पुरवणं वेगळं. लोकांच्या कल्पनेतला मुंजा आपल्याला न मिळालेल्या वाढण्यासाठी झुरतो. चित्रपटातला मुंज्या एका मुलीला 'नाही' म्हणू देत नाही. आणि यावर आपण खुदुखुदु हसायचं!

आता तुम्ही म्हणाल, बाई, लहान मुलांचा विनोदी चित्रपट आहे, एवढं काय मनावर घेता? भाची हेच म्हणाली. तिला फोनवर जे सांगितलं ते इथेही सांगते.

आमच्या भागात एका शेततळ्यात एक मुलगा बुडाला. गाव सांगत नाही, घराला त्रास नको. सातवीत होता. शेततळी ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते, हा मोठा चौकोनी खड्डा असतो, चारी बाजूंनी उतरता, आणि आतून जाड प्लास्टिकचं अस्तर. पाणी मुरू नये म्हणून ते चांगलंच आहे, कोरडवाहू शेतकऱ्याला आधार आहे. पण त्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं. एकदा पाय घसरला की वर यायला धरायला काही नाही, ना दगड, ना मूळ. पोहता येणारासुद्धा दमून जातो. काठाला बांधून सोडलेला एक दोर आणि एक जुनी ट्यूब असती तर तो मुलगा आज दहावीला बसला असता.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याच गल्लीत पोरं पळापळी खेळत होती. मी तिथे एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेले होते. एक पोरगा डोळे वटारून, हात वाकडे करून पोरींच्या मागे धावत होता, 'मुंज्या, मुंज्या' करत. तेवढ्यात दुसरा ओरडला, "अबे, थो बी आता मुंज्या झाला असन! लगन कराले येईन पाहा!" बुडालेल्या मुलाचं नाव घेऊन. त्याची आई समोरच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने काही म्हटलं नाही. हातातलं कापड पुन्हा बादलीत टाकलं, बादली उचलली आणि आत गेली.

मी त्या पोरांना जवळ बोलावलं. मारलं नाही, ओरडलेही नाही. तो पोरगा कावराबावरा होऊन म्हणाला, "पिक्चरमधी तसंच हाय नं जी, बाई." आणि खरंच, त्याचं काय चुकलं? चित्रपटात तसंच आहे. आमच्या लहानपणी हेच वाक्य कोणी बोललं असतं, "तो मुंजा झाला असेल," तर त्यावर कोणी हसलं नसतं. पोरं गप्प झाली असती, आणि कोणीतरी उद्या त्याच्यासाठी गोटी नेऊन ठेवली असती. शब्द तोच, अर्थ मात्र पार उलटा झालेला. एका चित्रपटाने आणि दोन तासांत. 'नुसती करमणूक' म्हणतात ती ही.

दुसरा आक्षेप माझ्या पुरोगामी मित्रांचा. बाई, तुम्ही आयुष्यभर वर्गात भूत नसतं म्हणून शिकवलंत, आता भुताची बाजू कशाला घेता? उलट भुताची टिंगल झाली तर बरंच की!

भूत नसतं, हे मी आजही म्हणते. आमचा हा प्रदेशच गाडगेबाबांचा आणि तुकडोजी महाराजांचा. देवाधर्माच्या नावावर चाललेल्या भंपकपणावर खराट्याने आणि खंजिरीने प्रहार करणारी माणसं आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात झाली. अंधश्रद्धेविरुद्ध बोलण्याची किंमत काय असते तेही आपण २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पाहिलं, डॉ. दाभोलकर गेले तेव्हा. पण मंडळी, या चित्रपटाने अंधश्रद्धेवर कोणता प्रहार केलाय? तिथे तर भूत खरं आहे! झाड खरं, बळी खरा, रक्ताने होणारे विधी खरे. सत्यराजसारख्या मोठ्या नटाला भूत उतरवणाऱ्या बाबाच्या भूमिकेत आणून त्याच्यावर थोडं हसवतात, आणि शेवटी भुताचा बंदोबस्त मंत्रतंत्राच्याच मार्गाने होतो. म्हणजे अंधश्रद्धा आहे तिथेच राहिली. गेली ती फक्त त्या मेलेल्या पोराबद्दलची माया. ठेवायचं ते टाकलं आणि टाकायचं ते ठेवलं.

भूत नसलं तरी भुताची गोष्ट असते, आणि तिचं काहीतरी काम असतं. वणेच्या डोहात गिऱ्हा आहे असं आम्हाला सांगत. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत, तिन्हीसांजेला काठाशी आलेल्याला आत ओढणारं. हा आमचा देशी दलदलीचा राक्षस म्हणा ना! त्याला बायकोबियको काही नको होती. त्याचं काम एकच, पोरांना खोल पाण्यापासून लांब ठेवायचं. ज्या डोहात गिऱ्हा, तिथे गाळ आणि भोवरा असायचाच. विहिरीवर साती आसरा असायच्या, त्यांना हळदकुंकू वाहायचं, म्हणजे पाण्याशी बेतानं वागायचं. रानात चकवा, म्हणजे रात्री वाट सोडायची नाही. आज गिऱ्ह्याला कोणी घाबरत नाही, ठीक आहे, घाबरू नये. पण त्याच्या जागी शेततळ्याला कुंपण आलं का? दोर आणि ट्यूब आली का? ते आलं असतं तर मी गिऱ्ह्याला आनंदाने निरोप दिला असता. आपण राखणदार काढून टाकला आणि जागा मोकळी ठेवली.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. लोककथा बदलतच असतात, प्रत्येक पिढी आपल्या पद्धतीने सांगते, जुन्यालाच चिकटून बसायचं का? नाही, बिलकूल नाही. बदला, खुशाल बदला. मी उदाहरणंच देते.

२०१७ सालचा 'लपाछपी' हा मराठी चित्रपट घ्या. विशाल फुरिया यांचा, पूजा सावंत नायिका. उसाचा फड, एक गरोदर बाई आणि लपाछपी खेळणारी लहान मुलांची भुतं. ती मुलं आली कुठून, हे कळतं तेव्हा पोटात गोळा येतो, कारण विषय स्त्रीभ्रूणहत्येचा आहे. तिथे मेलेलं मूल हे मूलच राहतं. भीती वाटते आणि लाजही वाटते. हिंदीत २०२१ ला त्याचाच 'छोरी' झाला.

२०१८ चा 'तुंबाड' घ्या. त्यातला हस्तर तर सपशेल काल्पनिक, आपल्या कोणत्याही पुराणात नाही. पण त्या पावसाळी चिखलातून, त्या पडक्या वाड्यातून जी हाव वर येते ती खरी आहे. तो राक्षस म्हणजे आपणच, हे शेवटपर्यंत विसरू देत नाहीत. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना त्याचं बीज मिळालं ते १९९३ साली, आमच्या विदर्भातल्याच नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने सांगितलेल्या नारायण धारपांच्या एका कथेतून. धारपांची पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयात कायम बाहेर असायची, परत आलेलं पुस्तक कपाटात जातच नसे. तो चित्रपट पहिल्या वेळी बेताचाच चालला, पण २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. म्हणजे प्रेक्षकाला खोल काही नकोच असतं, हा निर्मात्यांचा लाडका युक्तिवादही खोटा.

आणि सरपोतदारांनीच २०२२ ला 'झोंबिवली' केला होता. झोंबी परदेशी, पण पाण्याचा प्रश्न, सोसायटी आणि झोपडपट्टी हे सगळं इथलं. परक्या भुताला आपला प्रश्न दिला, तेव्हा गंमतही आली आणि चिमटाही बसला. 'मुंज्या'त नेमकं उलटं केलं. आपल्या भुताला परका साचा दिला.

अमेरिकेतल्या त्या दलदलीच्या राक्षसालासुद्धा शेवटी न्याय मिळाला बरं का. गिआर्मो देल तोरो या दिग्दर्शकाने लहानपणी तो १९५४ चा चित्रपट पाहिला होता, आणि त्या प्राण्याचं एकटेपण त्याच्या मनात राहिलं. २०१७ साली त्याने 'द शेप ऑफ वॉटर' काढला. त्यात जलचर हिडीस नाही, आणि नायिका पळवलेली नाही, तीच त्याला कैदेतून सोडवते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं त्याला. त्या लोकांना आपल्या रबरी राक्षसाच्या आत जीव दिसायला साठाच्या वर वर्षं लागली. आमच्याकडे जीव आधीपासून होता, अगदी शेंदराच्या दगडात होता, आणि आम्ही तो काढून त्यांचं टाकलेलं रबर वर चढवलं. याला प्रगती म्हणायचं?

मला या चित्रपटावर बंदी नको आहे. कोणाच्या भावना दुखावल्या म्हणून मोर्चे काढणाऱ्यांतली मी नाही, आणि तसं कोणी करायला लागलं तर मी पहिली विरोध करीन. माझं म्हणणं साधं आहे. ज्याचं नाव घेता त्याला ओळखा. तुम्हाला बाईमागे लागणारं माकड दाखवायचं असेल तर दाखवा, त्याला दुसरं काहीही नाव द्या. मेलेल्या मुलाचं नाव देऊ नका. आणि मुंज्या म्हणून दाखवायचा तर त्या गोट्याला शेवटपर्यंत दिसू द्या. तो हट्टी असू दे, खोडकर असू दे, भयंकरही असू दे, पण मुलगा असू दे. एकदा तरी त्याची आई पिंपळाखाली येऊन उभी राहू दे. मग बघा प्रेक्षक घाबरतो की नाही. घाबरेल आणि रडेलही. विनोदही करा, मुंजा मुळात खोडकरच आहे, त्याच्यावर हसायला काय हरकत आहे? त्याच्या शेंडीवर हसा, खड्यांवर हसा. त्याच्या मरणावर हसू नका.

या मंडळींची भुतांची मालिकाच आहे. 'स्त्री' झाला, 'भेडिया' झाला, 'मुंज्या' झाला, नंतर 'स्त्री २' आणि २०२५ ला 'थामा'ही आला. म्हणजे आपली आणखी भुतं उचलली जाणार हे नक्की. उद्या गिऱ्हा नेतील, आसरा नेतील, चकवा नेतील. न्यायला ना नाही. पण ती नेण्याआधी आपण तरी ती ओळखून ठेवूया, नाहीतर दहा वर्षांनी नातवंडांना तीच खरी वाटायची.

म्हणून वाचकांना, आणि विशेषतः आमच्या भाचेमंडळींना, दोन कामं सांगते. गृहपाठ समजा. एक, तुमच्या गावाला मुंजाचा पार असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो मुलगा कोणाचा होता, कशाने गेला. जे कळेल ते लिहून ठेवा, मलाही कळवा, मी इथे एकत्र छापीन. नाव कळलं तर सोन्याहून पिवळं. आमच्या वेशीवरच्या मुलाचं नाव मी अजून शोधते आहे. रस्तारुंदीत तो पिंपळ गेला, पण दगड मारुतीच्या देवळामागे आणून ठेवलाय.

आणि दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. ज्यांच्याकडे शेततळं आहे त्यांनी येत्या पावसाळ्याआधी चारी बाजूंना एकेक दोर आणि एकेक ट्यूब बांधा. दोनचारशे रुपयांचं काम आहे. बांधून झालं की मला फोन करा.